बिस्किटाचा डबा

रात्री दहा वाजून सात मिनिटं.
डब्लिनच्या सभागृहात सभापती, एक राज्यमंत्री,
दाराशी जांभई दाबणारा शिपाई कोलमन,
आणि मी, प्रतिवेदक.
बोललेलं कागदावर यावं
एवढंच माझं काम.

वायव्येच्या खासदार डर्व्हला मॅक्निफ उभ्या राहतात.
चार मिनिटं. भिंतीवरचं घड्याळ उलटं चालू लागतं.

त्यांचं भाषण मला तोंडपाठ आहे.
आधी रुग्णवाहिका: एक तास बावन्न मिनिटं.
मग कार्नाबॉयचं पोस्ट, त्याला कुलूप,
कुलपाला गंज.
मग आजोबांच्या वेळी उखडलेली रेल्वे,
जिच्या रुळांवर आता कुणाच्या तरी गोठ्याचं छप्पर उभं आहे.
राजधानीत छापलेल्या नकाशात
आमचा जिल्हा नेमका घडीवर येतो,
असं त्या दर अधिवेशनात म्हणतात,
आणि दर अधिवेशनात कुणी हसत नाही.

आज यातलं काहीच नाही.
त्यांनी पिशवीतून डबा काढला,
नाताळात येतो तसला, पत्र्याचा,
झाकणावर बर्फातली घोडागाडी.
आतून मुठीएवढा एक ठोकळा.
दोन बोटांनी दाबला, आणि तो
शिळ्या भाकरीसारखा चुरला.

सभापती म्हणाले,
सभागृहात वस्तू दाखवता येत नाहीत.
त्या म्हणाल्या,
वस्तू नाही, महोदय. भिंत आहे.
फर्गल आणि आट्रॅक्टा ओ'गारा यांच्या स्वयंपाकघराची,
उत्तरेकडची.

घर पाहावं बांधून, म्हणतात.
ते त्यांनी पाहिलं. पंचवीस वर्षं हप्ते भरून पाहिलं.
आता रात्री दिवा मालवून
ते भिंतीचा आवाज ऐकत पडतात.
भिंतींना कान असतात म्हणे;
आमच्याकडच्या भिंतींना दमा आहे.

दोन मिनिटं दहा सेकंद.
आवाज चढला नाही, उलट उतरला,
मला हेडफोनचा आवाज वाढवावा लागला.

ही कोपऱ्यातली कुरकुर समजू नका.
खाणीचा परवाना या राज्याचा.
ठोकळ्यावरचं प्रमाणपत्र या राज्याचं.
तपासायला जो आला तो तुमचा माणूस,
आणि जो कधी आलाच नाही
तो तर खासच तुमचा.

घंटा.
त्या बसल्या. वाक्य अर्धं उभंच राहिलं.

राज्यमंत्र्यांनी उत्तर वाचलं.
विषय मांडल्याबद्दल आभार.
योजनेचा आढावा. आढाव्याचा अहवाल.
अहवालावर, योग्य वेळी, विचार.
कार्नाबॉयचा उच्चार दोनदा चुकला.
नोंदीत मी तो बरोबर लिहिला.
एवढा पक्षपात मी करतो.

कामकाज संपलं, दिवे अर्धे झाले.
तिसऱ्या रांगेतल्या बाकावर राखाडी चूर पडला होता.
लिहावं का?
नियम सांगतो, बोललं गेलं तेच लिहा.
चूर बोलला नव्हता.
मी बोट लावून पाहिलं: ओलसर.
घरापासून साडेतीन तासांवर येऊनही
भिंत वाळली नव्हती.

बाहेर फाटकाशी त्या गाडीची किल्ली शोधत होत्या,
डबा काखेत.
कोलमनला पाहून झाकण उघडलं.
तळाशी मेणकागदात दोन स्कोन.
आट्रॅक्टानं दिलेत, म्हणाल्या,
भट्टी अजून चालते तिची,
स्वयंपाकघराला तीन भिंती उरल्या असल्या तरी.
एक घ्या. माझ्याच्यानं दोन्ही संपायचे नाहीत,
आणि परत नेले तर ती विचारेल
राजधानीत कुणी काही घेतलं की नाही.

कोलमननं घास घेतला.
चावताना मध्येच थांबला.
दाताखाली काहीतरी कचकचलं असावं.
तो काही बोलला नाही,
सावकाश गिळलं,
आणि फाटक उघडून धरलं.