जळणारा दगड

इथला दगड जळतो.
म्हणून हे गाव वसलं.
दगड जाळणं थांबलं, तर गाव कशासाठी,
हा प्रश्न प्रश्नावलीत नाही.

तालिनहून आलेली क्युलिकी,
गळ्यात ओळखपत्र, पायांत ओले बूट,
रकान्यावर बोट ठेवून विचारते,
नोकरीची वर्षं?
एकतीस.
कौशल्यं?
रिम्मा जरा वेळ खिडकीबाहेर बघते.
आठव्या बॉयलरचा आवाज बदलला
की मीटरच्या आधी मला कळतं.
क्युलिकी लिहिते: देखभाल, सामान्य.

एकीची रशियन शाळेतली,
दुसरीची एस्टोनियन बाजारातली,
बटाट्याच्या भावापुरती.
कागदावर सरकारी शब्द आहे.
मराठीत आणला तर न्याय्य संक्रमण.
माझ्या भाषेत संक्रमण सूर्याचं असतं
आणि तापाचंही.
रिम्माच्या वाट्याला यातलं कोणतं
ते कागदावरून कळत नाही.

तिला दगडाचा लळा आहे असं मात्र कुणी समजू नये.
अर्काडीची फुप्फुसं त्यानेच खाल्ली,
सावकाश, एकोणीस वर्षं.
आणि त्याच्या शेवटच्या हिवाळ्यात
भिंतीतल्या पाइपातून आलेली ऊबही
त्याच दगडाची होती.
एकाच हाताने मारलं आणि पांघरूण घातलं.
राग धरायचा तर कुठल्या बोटावर?

गावामागे राखेचा डोंगर.
पोरं त्यावरून घसरगाडी सोडतात,
माथ्यावर आता चार पवनचक्क्या.
फेब्रुवारीतल्या एका रविवारी
थर्मास घेऊन रिम्मा वर गेली,
दुसरीखाली उभी राहिली,
टोपी कानांवरून वर सरकवली.
हूं. हूं. शीळ.
हूं. हूं. शीळ.

क्युलिकीला फोन केला. तिसरं पातं.
क्युलिकीने कंपनीला विचारलं.
कंपनी म्हणाली, पडद्यावर सगळं हिरवं आहे.

अकरा दिवसांनी चक्की थांबली.
दोराला लटकलेला एक माणूस
पात्याच्या टोकाशी काहीतरी लिंपत होता.
कोणती चक्की, कोणतं पातं
हे रिम्माने स्वयंपाकघरातूनच पाहिलं.
फोन कुणाचाच आला नाही.

टेबलावर अर्जाची तिची प्रत होती,
चहाचा गोल डाग पडलेली.
तिने पेन घेतलं
आणि 'सामान्य' खोडलं.
त्याजागी काय लिहायचं ते सुचेना,
तेव्हा जागा तशीच ठेवली
आणि सवयीने हीटरवर हात.

कोमट.
काल याहून गरम होता.