टॉवेलाचा वास

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात एसी लावला
आणि खोलीत ओल्या टॉवेलाचा वास आला.
मी म्हटलं, अहो, टॉवेल परत गादीवर टाकलात की!
ते म्हणाले, नाही.
बावीस दिवस मी विचारलं.
बावीस दिवस ते नाही म्हणाले.

आमच्या वडगावात पूर्वी पंखासुद्धा
पाहुणे आले तरच फिरायचा.
हा एसी डॉक्टरांनी सांगितला म्हणून.
तीस वर्षं मागावर बसून
ह्यांच्या छातीत गेलं ते सूत गेलं,
आता निदान नवी धूळ नको.

आज ते बँकेत गेले तशी मी स्टूल ओढलं.
पुढचं झाकण दोन्ही हातांनी उचललं, टक् झालं.
जाळीवर लव. राखाडी,
आणि तिच्यात बारीक जांभळी, मोरपंखी.
माग विकून दोन वर्षं झाली,
हा रंग अजून कुठून येतो घरात?

मोबाईलची बॅटरी आत धरली.
हवा येते त्या फटीत, गोल पात्यांवर
खसखस सांडावी तसे काळे ठिपके.
बोट फिरवलं. पुसले नाहीत, पसरले.
नाक जवळ नेलं.
तोच.

मौनेशला फोन लावला. सांबऱ्याचा पोरगा,
अर्धं कानडी बोलतो, अर्धं आपलं.
"बूष्ट हत्तैत्री, काकू," म्हणाला,
"पावसाळाभर बंद ठेवलं तर बुरा चढतोयच की.
पाण्याची नळी बी तुंबली असंल.
उद्या येतो. तोवर लावू नका,
निंगोजीमामांना त्या वाऱ्यात झोपवू नका."

पावसाळाभर मी काय काय पुसलं:
चपला, ह्यांचा पट्टा, लोणच्याच्या बरणीचं झाकण,
देवाच्या फोटोची मागची बाजू.
भिंतीवरची ही पेटी तेवढी राहिली.
पांढरी होती ना. पांढऱ्यावर कोण संशय घेतं!
आणि तिच्याखाली तोंड उघडं टाकून
हा माणूस बावीस रात्री झोपला,
खोकला, माझी बोलणी खाल्ली.

ते आले. पासबुक कपाटात ठेवलं, वर बघितलं.
एसीचा जबडा उघडा,
जाळी न्हाणीच्या दाराशी उन्हात.
काही विचारलं नाही.
मीही सांगितलं नाही.
खिडक्या उघडल्या, चहा जरा जास्त गोड केला.

संध्याकाळी अंग धुऊन ते बाहेर आले,
टॉवेल दोरीवर पसरला,
एक चिमटा लावला, मग दुसरा,
आणि मी बघते आहे का
ते वळून बघितलं.