तिसरं तळघर

क्लांगच्या मॉलखाली, गाड्यांच्याही खाली,
तिसऱ्या तळघरात माझं गोदाम.
इथे सण भिंतीला टेकून उभे असतात
प्लास्टिकात गुंडाळलेले.
किल्ली माझ्या कमरेला, सव्वीस वर्षं.

वरच्यांकडे सण येतात.
मला ते मोजून द्यावे लागतात:
लाल कंदील तीनशे बारा, फाटके नऊ,
सोनेरी अननस सोळा,
हिरव्या रिबिनींचे विणलेले केतुपात चार पोती,
नाताळची हरणं सहा.
सातव्याचं शिंग आह हुआतच्या शिडीने मोडलं.
तेव्हापासून ते पंख्याखाली उभं आहे,
त्याच्यावर आम्ही रेनकोट वाळत घालतो.

ईद दर वर्षी अकरा दिवस मागे सरकते.
त्यामुळे कधी कधी दोन सण एकाच लिफ्टमध्ये सापडतात.
एकदा ती चिनी नव्या वर्षाला खेटून आली.
रोस्लानसाहेब म्हणाले, "तवमणी,
एका रात्रीत उतरव, त्याच रात्रीत चढव."
सकाळी दारं उघडली तेव्हा
चंद्रकोरीशेजारी एक लाल कंदील तसाच राहिला होता.
तक्रार आली नाही.
एका बाईने त्याखाली उभं राहून
स्वतःचा फोटो काढला, चारदा.

दिवाळीला कोलम.
रांगोळीच, पण तांदळाची,
तीनशे किलो रंगवलेला तांदूळ,
एक मोर, आणि पिसारा पार सरकत्या जिन्यापर्यंत.
मुलं दोरीपलीकडून फुंकर मारतात.
बाराव्या दिवशी रुंद झाडू, काळ्या पिशव्या.
मला कधी काही वाटलं नाही.
माझ्या दारातला कोलम तर
दुपारपर्यंत मुंग्यांच्या पोटात जातो.
या रंगाला मुंगीही शिवत नाही, एवढाच फरक.

त्या वर्षी फ्लोरिना नवी लागली होती.
फ्लोरिना गिम्बांग, साबाहची,
तांबुनानच्या खोऱ्यातली, बोलणं कमी.
झाडू घेतला आणि तशीच उभी.
"काय गं? झुरळ?" आह हुआत म्हणाला.
"आमच्याकडे सांडलेल्या दाण्याला हाक मारतात," ती म्हणाली.
"खाचरात, वाटेत, उंदराच्या बिळात,
जिथे कुठे त्याचा जीव हरवला असेल
तिथून त्याला घरी बोलावतात.
मे महिन्याच्या शेवटी. कामातान."
मग जरा थांबून,
"तुमच्या यादीत आमची पेटी नाही."

मी यादी काढली. चष्मा लावला.
मेअखेरीस सव्वीस वर्षं
माझ्याच अक्षरात लिहिलं होतं:
उंदरांचं औषध. शिड्यांची तपासणी.

पहाटे तीनला आम्ही तिघं मोर वेचत बसलो.
निळा हिरव्यातून निघेना.
रोस्लानसाहेबांनी कॅमेऱ्यात बघितलं असणार, खाली आले.
"ओव्हरटाइम मिळणार नाही," म्हणाले,
आणि दारापाशी उभ्यानेच चहा प्यायले.
जाताना पायाजवळचे चार दाणे
बुटाने आमच्याकडे सरकवले.

सगळा कसला निघतोय. पोतंभर निघाला.
शिजवता येणार नव्हता, पेरणं तर दूरच.
यादीत काय लिहू? नग, की किलो?
मी लिहिलं: तांदूळ, पोतं एक,
हाक मारणं बाकी.

मेअखेरीस वर मॉलमध्ये चपलांचा सेल होता.
जेवणाच्या सुट्टीत फ्लोरिनाने पोत्याचं तोंड सोडलं
आणि हलक्या आवाजात काही म्हणू लागली.
तिलाही पूर्ण येत नव्हतं.
मध्येच अडली, आईला फोन लावला,
तळघरात रेंज नाही.
मधला भाग राहूनच गेला,
तिने पुढून धरलं.

हरणावरचे रेनकोट हलले. पंख्याने.
मला दिसलं ते एवढंच
की आह हुआतने तेवढा वेळ
ड्रिल बंद ठेवली होती.