छाट

हजार बिड्या झाल्या की सट्टेदार सूप पुढे ओढतो,
टोकं दाबून बघतो,
आणि सैल, वाकडी, फुटक्या पानाची
बाजूला काढतो.
ती छाट. तिची मजुरी नाही.
ती मी पदरात बांधून घरी आणते.
सलोनीच्या बापाला सोळा वर्षांत
बिडी कधी विकत घ्यावी लागली नाही.

रात्री तीनला तो उठतो.
मामा तलावातली जाळी काढायला
अजून दोन तास असतात.
काडी ओढल्याचा आवाज
मला झोपेतही कळतो.
दारात एक लाल ठिपका
वर जातो, खाली येतो,
विझायच्या आत दुसरीला पेटवतो.
"काई नाई," म्हणतो, "जीव घाबरा झाला.
एक ओढली का शांत वाटते."

वाटतं. पाऊण तास.
मग गुडघा हलायला लागतो,
पोरीच्या पेन्सिलीची खरखर त्याला टोचायला लागते.
मी मोजलंय. मोजणं हेच माझं काम,
पंचवीसचा कट्टा, चाळीस कट्टे.
आधीची बिडी जी गाठ मारून गेलेली असते
तीच पुढची सोडते,
आणि जाता जाता नवी मारते.
दोरा माझ्याच बोटातला.

यंदा मारबतीच्या पहाटे
पोरं शिवेकडे ओरडत चालली होती,
खासी खोकला घेऊन जा गे मारबत!
ह्याने खिशातली आगपेटी काढली
आणि त्यांच्यामागे भिरकावली.
एक पोरगं ती उचलून पळालं.
आम्ही दोघं हसलो.

चौथ्या दिवशी ताट भिंतीवर.
भाजी खारट नव्हती.
सहाव्या दिवशी सलोनी दप्तर घेऊन
शेजारी रेवताबाईकडे अभ्यासाला गेली,
रात्री तिथेच झोपली.
आठव्या दिवशी जाळ्याचं भोक सांधता सांधता
तो रडायला लागला.
सुई हातात तशीच.
"मायची आठवण आली," म्हणाला.
सासू गेली तेव्हा सलोनी माझ्या पोटात होती.
तेव्हा हा रडला नव्हता.
तिरडी बांधत होते लोक,
आणि हा गोठ्यामागे उभा राहून
एकामागून एक ओढत होता.
मी समजले, घट्ट मनाचा माणूस.
त्या दिवसाचं रडणं
इतकी वर्षं धुराखाली दाबून ठेवलेलं,
ते आता निघालं.
मला त्याला जवळ घेता आलं नाही.
मी घाबरले.

दहाव्या रात्री
मीच एक बिडी त्याच्या उशाशी ठेवली.
छाटीतली नव्हे. चांगली, घट्ट वळलेली,
कट्ट्यात गेली असती अशी.
मला एक रात्र शांत पाहिजे होती,
बाकी काही नाही.
त्याने बिडीकडे बघितलं. मग माझ्याकडे.
बोलला काहीच नाही.
सकाळी सलोनी घरी आली.
घर शांत होतं.

ही गोष्ट मी कोणाला सांगितली नाही.
आशाताई वहीत लिहून घेते,
घरात कोणी बिडी पितं का,
हो किंवा नाही.
देतं कोण, असा रकाना तिच्या वहीत नाही.

आज सट्टेदाराने अकरा काढल्या.
"नेत नाई का वो बाई?"
मी पदर झटकला आणि उठले.
त्याच्यासाठी काही फरक पडला नाही,
गावात दुकान आहे, दुकानात कट्टा आहे,
कदाचित माझाच.

तीनला काडी ओढल्याचा आवाज आला.
नेहमी मी कूस बदलते.
आज उठले, दारात त्याच्या बाजूला बसले.
माझ्या बोटांना जर्द्याचा वास, त्याच्या तोंडाला धुराचा.
तलावाकडून टिटवी ओरडत होती.
विचारलं, "तुमची माय मासे कशी रांधे?"

बराच वेळ तो गप्प राहिला.
मग म्हणाला, "अंबाडी टाकून."
मग आणखी काहीतरी. मग आणखी.
हातातली कधीच विझली होती.
दुसरी पेटवायला त्याला
आज उशीर झाला.