ओढू नका

तोंडाच्या कोपऱ्यातून लोंबत होता
वीतभर निळा धागा. बाकीचा आत,
आणि धाग्याच्या पलीकडच्या टोकाला
रूपेर्ताची रफूची सुई, सकाळपासून हरवलेली.

चोल्गा शेपूट हलवत होती,
कुणाच्या लग्नात जेवून आल्यासारखी.

एरिबेर्तोचा हात आपोआप पुढे गेला.
चाळीस वर्षं समुद्रातून दोरच तर ओढले त्याने:
जाळ्यांचे, नांगरांचे, शिंपल्यांच्या टोपल्यांचे,
एकदा तर धाकट्या भावाच्या कमरेला बांधलेला.
जे खाली गेलंय ते ओढून वर घ्यायचं,
याहून वेगळी विद्या या बेटावर
त्याला कुणी शिकवलीच नव्हती.

"ओढू नका," फोनवर डॉक्टरीणबाई म्हणाली,
कास्त्रोहून, मध्ये खाडी आणि वारा.
"ओढलंत तर आतडं नाडीच्या नेफ्यासारखं गोळा होईल
आणि धागा त्याला कापत जाईल, तार साबण कापते तसा.
कात्रीही लावू नका. खायला नाही, पाणी नाही.
पंजाने ओरबाडू देऊ नका.
आणि पहिली बोट गाठा. पहिली."

तोवर एतेल्विना मिठाचं पाणी घेऊन दारात,
मागे तिचा दीर, तेलाची बाटली घेऊन.
एक म्हणे ओकू दे, दुसरा म्हणे घसरू दे.
रूपेर्ताने दोघांना बटाटे सोलायला बसवलं.

बोटीवर, भाच्याच्या पिकअपमध्ये,
मांडीवर चोल्गा, तिचे पुढचे पाय त्याच्या मुठीत.
आता तिची शेपूट हलत नव्हती.
तिने श्वास घेतला की धागा आत जायचा, केसभर,
सोडला की बाहेर.
तो तेवढंच बघत राहिला.
सुतावरून स्वर्ग गाठणारे गाठोत,
त्याला फक्त समोरचा धक्का गाठायचा होता.

एक्स-रेमध्ये सुई स्पष्ट दिसली,
काळ्या पाण्यात एकटी मासोळी, आडवी.

सुईनेच सुई काढली. अकरा टाके.
डॉक्टरीणबाईने लोकर मोजली, का कोण जाणे:
एक मीटर चार सेंटिमीटर.
बाटलीत घालून दिली, लोणच्यासारखी.

रूपेर्ताने सुई उकळली आणि कामाला लावली.
लोकर मात्र टाकली, त्यामुळे बाहीला कमी पडली,
मनगटाजवळ आता वेगळा निळा आहे.
पुंता आरेनासला मुलगा तो स्वेटर घालेल,
विचारणार नाही. तसा तो फोनही कमीच करतो.

शिवणाचा डबा आता दिव्याच्या वरच्या फळीवर,
झाकणावर दगड.

रात्री चुलीपाशी चोल्गा घोरते.
पोटावरच्या एका टाक्याचं टोक
जरासं वर आलंय.
एरिबेर्तोचा हात शिवशिवतो.
तो हात खिशात घालतो,
आणि बाहेर जाऊन, भरती नसतानाही,
होडीचा दोर ओढून बघतो.