काही त्रास होतोय का?

मापुत्सोएच्या दवाखान्यात
नर्स लिनेओ दर तीन महिन्यांनी तेच विचारते,
पेनाचं टोपण दातात धरून:
चक्कर? मळमळ? अंगावर पुरळ?
डोळे पिवळे? झोप?
मी नाही म्हणत जाते.
झोपेपाशी जरा अडखळते.

आधीची गोळी मोठी होती,
घशात आडवी बसायची.
रात्री घ्यायची, उपाशीपोटी,
तेलकट खाल्लं असेल तर जास्त चढते,
हे लिनेओनंच बजावलेलं.
तशीही चढायचीच.
आधी कानात पाणी गेल्यासारखं,
मग खाट हळूच जमीन सोडायची
आणि मी दोन्ही हातांनी घोंगडी धरून ठेवायची.

सकाळी जीन्सच्या कारखान्यात
शिवण सरळ, मीच तिरकी.
एकदा सुई नखातून आरपार गेली.
डाग पडलेल्या पँटचे पैसे
सुपरवायझरनं पगारातून कापले.
तेव्हाही लिनेओला म्हटलं, नाही, काही त्रास नाही.

कारण मोलेफी यायचा.

वेल्कॉमच्या खाणीतून वर्षाला दोनदा येणारा माणूस
मेल्यावर आठवड्यातून चारदा यायला लागला.
टोपीवरचा दिवा तसाच चालू.
त्याच्या मानेवरची धूळ माझ्या बोटाला लागायची,
इतकं ते खरं.
बूट काढता काढता विचारायचा,
मेंढ्या किती विकल्यास? पांढऱ्या कानाची ठेवलीस ना?
एकदा मी भांडले त्याच्याशी. म्हटलं,
हे दुखणं तूच आणलंस घरात.
तो म्हणाला, दार लाव आधी, वारा येतोय.

पालेसाला तीच गोळी.
तिच्या स्वप्नात कुत्रे यायचे.
मग दिवसाही यायला लागले,
आणि एका जुलैच्या रात्री, सगळं गोठलेलं असताना,
ती अनवाणी पुलावर सापडली.
कठड्याला धरून उभी होती. भावानं ओढून आणली.
लिनेओला का नाही सांगितलंस, मी विचारलं.
स्वप्न काय सांगायचं नर्सला, म्हणाली.
सांगितलं असतं तर गोळी बदलून मिळाली असती.
तिनं गुपचूप सगळ्याच गोळ्या बंद केल्या.
पुढच्या वर्षी पीचला फुलं आली
तेव्हा आम्ही तिला पुरून परत येत होतो
आणि पाकळ्या चपलांना चिकटत होत्या.
मी काही बोलले नाही कुणाशी.
मला तर मोलेफी यायचा.

मग सगळ्यांचीच गोळी बदलली.
ही लहान आहे, सकाळी घ्यायची.
डोकं स्वच्छ, धुऊन वाळत घातल्यासारखं.
शिवण सरळ, मीही सरळ.
फक्त घागऱ्याचा हूक लागत नाही.
टॅक्सी थांब्यावरच्या बायका म्हणतात,
काय गं मारेलेबोहिले, अंगाला लागलंय हो!
लिनेओ मात्र वजनकाट्यापाशी ओठ आवळते,
साखर बघते, रक्तदाब बघते,
मूत्रपिंडासाठी बाटली हातात देते.

रक्ताचा कागद वाचून परवा हसली.
व्हायरस सापडतच नाहीये, म्हणाली.
मी म्हटलं, तोही नाही सापडत.
तिला वाटलं, मी थट्टा करतेय.

आता झोप म्हणजे नुसतं काळं कापड.
न कापलेलं, न शिवलेलं, घडीच्या घडी.
मी त्यात डोकं खुपसते
आणि सहा वाजता बाहेर काढते.
कोणी बूट काढत नाही.
मेंढ्यांची चौकशी नाही.
पांढऱ्या कानाची गेल्या हिवाळ्यात मेली,
हे त्याला सांगायचं राहून गेलंय.

पिठाच्या डब्यामागे जुनी बाटली आहे.
तिच्यात दोन गोळ्या, मुदत संपलेल्या.
मी त्या घेणार नाही.
लिनेओ, हवं तर लिहून घे, घेणार नाही.
कधीतरी फक्त हलवून बघते, वाजतात का.

आणि पुढच्या वेळी तू टोपण दातात धरून
झोपेपाशी आलीस
की जरा थांब.
पेन लगेच पुढे नेऊ नकोस.