मळसूत्र

लग्नात भटजी मंत्र म्हणत होते
तेव्हा त्याच्या दोन्ही कानांत कापसाचे बोळे होते.
लहानपणापासून वाहणारे कान.
यंत्र आत घातलं की आठवड्यात यंत्रच कुजायचं.
वाघोटनच्या खाडीवर सगळे म्हणायचे, भैरो मेस्त्री,
आणि होडी मात्र त्याच्याकडूनच बांधून घ्यायचे.

कारण तो फळीला हनुवटी टेकायचा.
पलीकडच्या टोकाला पोरगा हातोडीनं टिचकी मारायचा
आणि हा डोळे मिटून सांगायचा:
इथून दोन हातांवर पोकळ, किडा लागलाय.
कापली की भुसा निघायचाच.

मला हे चौथ्या महिन्यात कळलं.
भांडत होते. पाठीमागून. रडून दमले
आणि हनुवटी त्याच्या डोक्यावर टेकली,
कानामागे, जरा वर.
म्हटलं, मला माहेरी सोड.
तो म्हणाला, "कधी?"

पुढे सव्वीस वर्षं मी तशीच बोलले.
मुलीची फी, सासूचा ताप,
कोतवडेकरांनी बुडवलेले होडीचे पैसे,
सगळं हाडावर हाड ठेवून.
माझ्या हनुवटीखाली त्याचे केस पांढरे झाले, मग विरळ.
लोकांना वाटलं असेल, काय ही थेरं.
वाटू दे.

कोल्हापूरच्या घोरपडे डॉक्टरीणबाईंनी
नादकाटा आपटून त्याच्या कानामागे टेकवला.
तो हसला.
बाई म्हणाल्या, दार बुजलंय, भिंत शाबूत आहे.
कवटीत छोटा स्क्रू बसवू, टायटॅनियमचा.
हाड त्याला धरेपर्यंत तीन महिने थांबायचं.
मी डोक्यावर हनुवटी ठेवून सांगितलं.
"तीनच? ऐनाच्या फळयेक मी अख्खो पावसाळो दितंय."
मग विचारत बसला, आटे किती,
आधी भोक पाडतात की तसाच पिळतात.
मळसूत्र, म्हणायचे त्याचे वडील.
बाईंनी चित्र काढून दिलं.
तो कागद अजून पटाशीखाली आहे, हत्यारांच्या पेटीत.

दसऱ्यानंतर त्या स्क्रूवर डबी चढली.
भाकरी चावताना तो थांबला. पुन्हा चावली.
माझ्या बांगड्यांना दचकला,
हनुवटीतून त्या कधी गेल्याच नव्हत्या.
"तुजो आवाज इतको बारीक?"
मला काय माहीत, त्याच्या डोक्यात मी कशी बोलत होते.

आता मागल्या दारातून हाक मारते, जेवायला ये.
तो येतो.
खाडीवर पोरं अजून भैरोच म्हणतात,
त्यानं त्यांना सांगितलेलं नाही.
चांगलंच झालं सगळं.
बोलणी मात्र आखूड झालीत आमची,
नि स्क्रूनं नेमकी माझीच जागा घेतलीय.

रात्री खारी हवा लागू नये म्हणून
डबी काढून बरणीत ठेवतो, पांढऱ्या खड्यांत.
काल दिवा मालवल्यावर
मी स्क्रू चुकवून, बोटभर खाली हनुवटी टेकली.
सांगण्यासारखं काही नव्हतं.
म्हटलं, उद्या मीठ आणायला हवं.
तो बराच वेळ गप्प.
मग म्हणाला,
"दाढ पोकळ झाली हा तुजी. उजवी."

आठ दिवस ठणकत होती.
मी कुणाला बोलले नव्हते.